नाव बदललं की झालं

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! प्लोव्दिव्हच्या धावपळीपुढे हे डोंगरातलं इस्पितळ म्हणजे माहेरच. थोरल्या सिस्टर स्तोयांकाबाईंनी चीज भरलेली गरम गरम बानित्सा पुढे ठेवली आणि वर टोमणाही हाणला, की रादोस्तिना, शहरातल्या पोरी इथं पहिल्या बर्फापर्यंतच टिकतात. बघूच म्हटलं.

माझ्या ब्लॉगचं मात्र त्यांना सांगितलं नाही. नर्सेस लिहितात तेव्हा एक नियम पाळतातच: पेशंट ओळखू येता कामा नये. आजोबांची आजी करायची. नाव, खाट, आजार, सगळं बदलायचं. बदललं की झालं.

६ नोव्हेंबर
पाच नंबरचे आजोबा गेले. रिवाजाप्रमाणे स्तोयांकाबाईंनी जीव बाहेर जायला खिडकी उघडली. मला फार रडू आलं. घरी येऊन ब्लॉगवर लिहिलं: एक आजी, खाट दोन, केसांत लाल कंगवा, हृदयविकाराने गेली.

८ नोव्हेंबर
दोन नंबरवर आजी आली. केसांत लाल कंगवा! दुपारी गेली, हृदयविकारानेच. स्तोयांकाबाई टक लावून माझ्याकडे बघत होत्या. ही बया माझं लिखाण चोरून वाचते. खाट हिनेच दिली, कंगवाही हिनेच खोवला असणार. आडून विचारलं तर म्हणते कशी, मला नातवाचा फोटो धड उघडता येत नाही, ब्लॉग कसला वाचतेय! नाटकी मेली.

९ नोव्हेंबर
आज म्हातारा गिरणीवाला गेला. मी मुद्दाम लिहिलं: सहा वर्षांची मुलगी, खाट तीन, हिरवी रिबन, न्यूमोनियाने गेली. आमचा वॉर्ड मोठ्यांचा. आता पोरगी कुठून आणतेस, बाई?

११ नोव्हेंबर
मुलांच्या वॉर्डचं छत गळतंय. पोरं आमच्याकडे हलवली. तीन नंबरवर बिल्याना. वय सहा. छातीत कफ, केसांत हिरवी रिबन. माझे बूट चिवचिवतात म्हणून खुदखुदून हसली आणि खोकतच सुटली.

१२ नोव्हेंबर
लेख पुसला. परत आला. ‘गेली’च्या जागी ‘बरी झाली’ लिहिलं. पुन्हा ‘गेली’. हिरव्या रिबनची पिवळी केली – ती मात्र पिवळीच राहिली. तासाभरात बिल्यानाच्या आईने पिवळी रिबन बांधली. स्तोयांकाबाई आज रजेवर. म्हणजे त्या नव्हेतच. देवा रे, मीच –

१३ नोव्हेंबर
ताप उतरत नाही. ओठ निळे पडलेत. तिची आई माझा हात सोडत नाही.
मरण बदलत नाही. माणूस बदलतं. पण तिच्या जागी कोणाला घालू? ज्याला घालीन ते कोणाचं तरी –
एकच बाई आहे, जिच्यासाठी कोणाला विचारायला नको.
लेखात मुलीची नर्स केली. वय बत्तीस. गावात नवी. चिवचिवणारे पांढरे बूट.

१४ नोव्हेंबर
बिल्यानाचा ताप उतरला. सूप मागतेय, लबाड!
मला तिच्या खाटेवर निजवलंय. खाट तीन. श्वास –
स्तोयांकाबाई रडताहेत. म्हणतात, पोरी, डोळे उघड. उघडेच आहेत की. मी लिहितेय, दिसत नाही का –
उठल्या. खिडकीकडे कशाला –
नका हो बाई, इतक्यात नका, मी अजून