दोन थेंब झोळीच्या दोरीला

आषाढ वद्य पंचमी, शके १८६०

बाटली आली! हिरव्या काचेची, बोटभर. बंगल्याच्या रजनीबाईंनी आमच्या सूनबाईंना दिली. डासांचं तेल म्हणे. सरू घरात पाऊल टाकत नाही तोच मला शिकवायला लागली — "आत्या, दोन थेंब झोळीच्या दोरीला लावायचं. पोरीच्या अंगाला न्हाई. आन लावलं की हात धुवायचं."

तेल, आणि अंगाला लावायचं नाही! मग काय देवापुढं जाळायचं?

या मळवलीत मी चाळीस पावसाळे काढले. आवणीत, भातलावणीच्या चिखलात, पायाला करंजाचं तेल, घरात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी. माझा बजरंग त्याच्यावरच वाढला. आज बंगल्याची बाग एकटा खणतो.

नथूचं नाव सरू काढत नाही, मीही काढत नाही. तिचं पहिलं पोर, गेल्या भादव्यात हिवतापानं गेला, दीड वर्षाचा. आता ही लीला, नऊ महिन्यांची. हिचा भादवा निघाला पाहिजे. बाकी मला काही नको.

वद्य सप्तमी

दिवेलागणीला धुरी दिली. पोर खोकली. सरूनं दार सताड उघडलं. धूर गेला, डास आले!

"आत्या, पोरीचा जीव गुदमरतोय."

मी म्हटलं, धुरानं कुणाचं पोर मेलं ते दाखव मला. नथूच्या वेळीही धुरी मीच देत होते. बोलून गेले ते गेले.

वद्य नवमी

पोरीला उघडी करून चावे मोजले. अकरा.

वद्य एकादशी

काल सरूनं दोरीला थेंब लावले. मी पाठ केली होती, पण दिसलं. आज चावे दोन. वारा सुटला असेल.

वद्य द्वादशी

एक. वारा नव्हता.

अमावस्या

दिवे पुजले. शेजारची शालूबाई आली, नाक वर करून हुंगत. "मावशी, तुमच्या घरात गवती चहाचा वास कसला ओ?"

म्हटलं, सुनेचं खूळ! पोरीला सोडून दोरीला तेल पाजते. लय हसलो दोघी. सरू चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज वाढला. वाढू दे.

श्रावण शुद्ध तृतीया

रात्र झाली. तरी लिहिते.

सरू सकाळी आवणीला गेली. पोर माझ्यापाशी. तेल लावलं. पोर किंचाळायला लागली ती थांबेना. अंग लालभडक. दुपारपर्यंत डोळे सुजून मिटले, काखेत फोड आले.

बजरंग जेवायला आला. माझ्या मांडीवरच्या पोरीला वाकून हुंगलं. "ही बाटली!" सरू चिखलाच्या पायांनी धावत आली, पोरीला माझ्या हातातून घेतलं. बजरंगानं सरूच्या थोबाडीत मारली. "जाताना लावून गेलीस न्हवं?"

मला विचारलं. मी म्हटलं, बाटली तिची.

रजनीबाईंनी येऊन साबणाच्या पाण्यानं पोर तीनदा धुवायला लावली. डोळ्यांवर नुसतं पाणी ओतत बसल्या.

शुद्ध चतुर्थी

लोणावळ्याहून आलो. डोळे राहतील म्हणाला डॉक्टर. मग आमच्यावर तडकला. "चोळलं कुणी हे? यात कापूर आहे, रॉकेल आहे. तान्ह्याच्या कातडीतून आत जातं. हाताला तर लावायचंच नाही. पोर तोच हात तोंडात घालतं, त्याच हातानं डोळे चोळतं. एवढंही कळत नाही?"

सरूनं मान खाली घातली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

नागपंचमी

बजरंगानं सरूला सुदुंबऱ्याला धाडलं. "सणाला माहेरी जात्यात, जा. परत यायची घाई करू नगं. पोर हितंच ऱ्हाईल."

अंगावरचं पोर! सरू रडली नाही. बाटली उचलली, फडक्यात गुंडाळली, वरच्या फळीवर माझा हात पोचणार नाही अशी ठेवली आणि गेली.

शुद्ध अष्टमी

पोर दूध घेत नाही. बकरीचं दूध चमच्यानं घातलं की गालावरून ओघळतं. रडून घसा बसला. पाठीची सालपटं निघतात. डॉक्टरनं त्यावर नुसतं खोबरेल सांगितलंय म्हणून वाटी घेतली, तर वाटी बघूनच पोरीनं दोन्ही हात आखडले. किंचाळली — माझ्याकडं बघून!

शुद्ध नवमी

बापानं दुसरीतून काढलं, तरी मला अक्षर आहे. बजरंगाला नाही, सरूला नाही. हे पान वाचणार कोण? मग लिहायला काय मरण आलंय!

मी लावलं.

सरू बांधापलीकडं गेली तशी बाटली काढली. दोरीला दोन थेंब लावून अकरा चाव्यांचा एक होतो, तर अंगाला चोळल्यावर एकही राहणार नाही, असं मला वाटलं. बजरंगाला चोळायची तसंच चोळलं. पाठ, पोट, काखा, तळहात. तळव्यावर ओतून टाळू भरली. ती डोळे चोळायला लागली, मला वाटलं झोप आली.

सरूला कसं विचारू, बाई, कसं लावायचं ते परत सांग? पंधरा दिवस तिची चेष्टा केली होती मी.

शुद्ध दशमी

बजरंगाला सांगितलं. हसला!

"आये, तू? तू तर त्या बाटलीला शिवत न्हाईस. सुनेसाठी खोटं बोलायचं वय हाय का तुजं?"

परत सांगितलं. देवाची शपथ घातली. "पुरं झालं. भादवा सरला की दुसरी बघतो."

इतके दिवस गावभर मीच बोंबलत होते. आता माझं खरं कोण ऐकणार!

शुद्ध द्वादशी

सुदुंबऱ्याहून लिहिते. काल पोर कडेवर घेतली आणि बजरंगाला न सांगता निघाले. तळेगावपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी. सरूच्या बापाच्या अंगणात भावकी तांदूळ निवडत बसली होती. बरंच झालं. पायताण काढलं आणि सगळ्यांदेखत बोलले — "बाटली मी चोळली. हिनं न्हाई."

सरूचा बाप कोंडाजी उठून उभा राहिला. "आन आठ दिस तुमी गप?"

"व्हय," म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

पोरीनं आईकडं झेप घेतली. सरूनं पदराखाली घेतली, घटाघटा आवाज आला. माझ्याकडं पाठ फिरवून बसली.

बजरंगाला निरोप धाडला — मी हितंच बसले हाय. येऊन तिघींना घेऊन जा, न्हाईतर तुज्या भाकरी तूच थाप!

नारळी पौर्णिमा

बजरंग आला. कोंडाजी त्याला अंगणात चारचौघांत उभा करून बोलला, तेवढं त्यानं ऐकून घेतलं. सरूकडं बघायची हिंमत झाली नाही त्याची. आम्ही परत आलो.

वद्य प्रतिपदा

सकाळी खोबरेलाची वाटी घेऊन पोरीपाशी बसले. पोरीनं हात आखडले. सरू आली, वाटी माझ्या हातातून घेतली. "त्या दिशी पोर तुमच्याकडनं घेतली तवाच तुमच्या हाताला वास आलता, आत्या."

मी पोरीच्या अंघोळीचं पाणी तापवायला उठले.