सिंकजवळची फरशी

व्यसनमुक्ती केंद्र
ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधीच्या कागदांवर ओळी उजवीकडे वर चढत होत्या, म्हणून ते फाडून हे पत्र नव्याने लिहितोय. मी गवंडी आहे हे ठाऊक असलेला शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर विचारत होता, की बहिणीला पत्र लिहितोयस की फरशी बसवतोयस.

इथल्या डॉक्टरबाईंच्या मते मला दारूखेरीज आणखी एक दुखणं आहे, व्यक्तिमत्त्वाचा विकार. छाती जरा फुगलीच. मला वाटायचं, आपल्याला व्यक्तिमत्त्वच नाही. त्या म्हणाल्या, नीटनेटकेपणा वेगळा आणि काही वाकडं दिसलं की जीव कासावीस होऊन कामं आणि माणसं तोडत सुटणं वेगळं. पिणाऱ्या सगळ्यांना हे नसतं, पण ज्यांना असतं त्यांचं नुसती बाटली सोडून भागत नाही. मी मान डोलावत होतो, पण लक्ष सगळं त्यांच्या मागच्या तिरक्या तसबिरीत. शेवटी उठून ती सरळ केली. बाईंनी ती परत तिरकी केली आणि पुढे बोलायला लागल्या. मला घाम फुटला.

मग म्हणाल्या, मी मजेसाठी पीत नव्हतो. दोन पेग पोटात गेले की वाकडी फरशी सरळ दिसते, म्हणून पीत होतो. हे त्यांना कुणी सांगितलं म्हणून मी चिडलो. मीच सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात सोडणार आहेत, पण एकट्याने राहायचं नाही. बायको परत येणार नाही, त्यात तिची चूक नाही. तुझ्याकडे येऊ का?

लोभ बराच ताणला गेलाय, आणखी थोडा ताणून बघावा.
तुझा पाणसळ

ता. ९ मार्च

चि. पाणसळ,
अ. उ. आ.

जमीन समतल आहे का ते बघायची ती बुडबुड्याची पट्टी तू जेवताना ताटाखालीसुद्धा लावायचास, म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. डॉक्टरबाईंशी फोनवर बोलले तेव्हा कळलं, की मी आयुष्यभर एका आजाराला हसत आले. वर सगळ्यांना सांगायचे, तेवढी दारू सुटली तर आमचा भाऊ सोनं आहे. बाईंनी ते वाक्य बंद करायला लावलंय.

तुझ्या भाऊजींचा होकार आहे, पण ते काही विसरलेले नाहीत. मागच्या खेपेला आमच्या स्वयंपाकघरातली एक फरशी तू नीट करायला घेतलीस, मग शेजारची, मग तिच्या शेजारची, आणि सगळी जमीन उखडून दारूच्या दुकानात पीत बसलास. महिनाभर आम्ही बाथरूममध्ये भांडी घासली. नंतर दुसऱ्या गवंड्याने ती बसवली. खोटं कशाला बोलू, वाईट बसवली आहे. सिंकजवळची एक तर इतकी खोलगट, की तिथे पाणी साचतं.

अट एकच, तिला हात लावायचा नाही. मी लेकीच्या बाळंतपणाला जातेय, घरी तुम्ही दोघंच. तू पुन्हा प्यायलास तर भाऊजी तुला ठेवून घेणार नाहीत, आणि या वेळी मी मध्ये पडणार नाही.

माया आहे म्हणूनच एवढं कडक लिहिलंय.
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नातीला मामाआजोबाचे आशीर्वाद. तुमच्या गवंड्याला मानलं, इतकी वाईट फरशी मुद्दाम बसवायची म्हटली तरी मला जमणार नाही. मी तिच्याकडे पाठ करून जेवतो. भाऊजींनी दया येऊन तिच्यावर पायपुसणं टाकलं, पण ते तिरकं पडलं, म्हणून मीच काढायला लावलं.

काल दुपारी ते झोपले असताना मी छिन्नी घेऊन सिंकपाशी बसलो. एकच काढतो, असं स्वतःला बजावत होतो आणि घशाला कोरड पडली होती. एकच घेतो, हेही मी अगदी याच सुरात म्हणायचो. फार भीती वाटली, ताई. भाऊजींना उठवून छिन्नी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तुझ्या विणकामाच्या पेटीत ठेवली, चहा केला, आणि आम्ही तो तिथेच जमिनीवर बसून प्यायलो. उठलो तर माझी पँट मागून ओलीचिंब. मी नेमका त्या खळग्यात बसलो होतो. भाऊजी हसत सुटले, मग मीही.

आज सकाळी पाणी साचलं, मी पुसलं. आत्ता पुन्हा साचलंय.

ओळी पहिल्यापासूनच वर चढल्या आहेत, तुला दिसतच असेल. कागद मात्र फाडलेला नाही.

असाच वाकडा, पण तुमच्या घरात असलेला,
पाणसळ