नवरा वाचवा, एक भांडं पाठवा

शुब्रा, कैरो
रमजानचा बाविसावा दिवस

प्रिय सुहेर,

सलाम. तिकडे तांताला तुझ्या आईलाही माझा सलाम सांग आणि तिचे गुडघे कसे आहेत ते कळव. इकडे सगळं ठीक. बाल्कनीतला पुदिना जिवंत आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. एवढी वर्षं पोरांचे भूगोलाचे पेपर तपासून माझं अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

मी वैतागलोय, सुहेर. म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी गेलंय.

झालं असं की, यंदा टीव्हीवर मदतीच्या जाहिरातींचा नुसता कहर आहे. इफ्तारला तोंडात खजूर टाकावा, तर समोर कुणीतरी रडव्या आवाजात सांगणार की तुमच्या एका देणगीनं अमक्याचं आयुष्य बदलेल. आमच्या कहवाखान्याच्या ग्रुपवर त्याचीच नक्कल करणारं एक आवाहन फिरलं. माझा गंजीतला फोटो, शेजारी उघडा फ्रिज, फ्रिजमध्ये अर्धं लिंबू. खाली मजकूर: 'हा रिफअत. वय एक्कावन्न. बायको माहेरी गेली आहे. याला पाणी उकळता येतं, पण त्यापुढे काय करायचं ते कळत नाही. तुमच्या एका भांड्यानं याचं आयुष्य बदलू शकतं. नवरा वाचवा, एक भांडं पाठवा.' आणि जाहिरातीत असतो तसा पत्ता, मजल्यासकट.

कुणी लिहिलं ते सोड. मित्रमंडळी आहेत, चावटपणा चालायचाच. सगळे पोट धरून हसले. मग त्या शहाण्या बहगतनं ते बहिणीला पाठवलं. बहिणीनं सासूला. सासूनं पुढे पाठवताना हसरे चेहरे तेवढे काढून टाकले, कारण दानधर्माच्या गोष्टीत हसू शोभत नाही म्हणे! तिथून ते आपल्या इमारतीच्या बायकांच्या ग्रुपवर आलं. आणि रमजानात असं काही वाचून कोण हसत बसतंय?

चौथ्या दिवशी आपला दरवान बिशारीकाका दारात. हातात मुलूखियाच्या पालेभाजीचं पातेलं.

"कुणी दिलं?"

"नाव सांगू नको म्हणालेत. दान आहे ना साहेब."

"अहो काका, ती थट्टा होती!"

"थट्टा कशी? फोटो बघितला मी. गंजी तुमचीच आहे, रोज दोरीवर दिसते."

त्यानंतर रोज काही ना काही. भरलेली कोबी, मकरोनी, बदक. अगं, अख्खं बदक! देणारा कोण ते कुणी सांगत नाही, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? चौथ्या मजल्यावरच्या हाजीणबाई इनशिराह जिन्यात भेटल्या, तर माझा हात हातात घेऊन म्हणतात, "लाजू नकोस बाळा. वेळ कुणावरही येते. अंगानं मात्र चांगला भरलेला दिसतोस हो."

म्हटलं, "हाजीणबाई, कुणीतरी गंमत केली होती."

"गंमत? मग सुहेर घरी आहे का?"

"नाही."

"मग गंमत कसली त्यात?"

एवढं बोलून त्या गुडघे धरत वर निघून गेल्या.

खाऊन झालं, पण भांड्यांचं काय? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तुला मी काय सांगावं. ओट्यावर दहा भांडी आणि घरात स्वयंपाक येणारं कुणी नाही. बहगत म्हणाला, "बाजारातून बसबूसा आण आणि भर." त्याला काय कळतंय! बाजारचं गोड हाजीणबाई दारातूनच ओळखतात. शेवटी फोनवर बघून तांदळाची खीर करायला शिकलो. पहिली करपली, दुसरी सिमेंट झाली, तिसरीत मीठ पडलं. उपास सुटायच्या आधी चव कशी घेणार, सांग? पाचव्या खेपेला जमली. सगळी दहा भांडी बिशारीकाकाकडून परत पाठवली आणि म्हटलं, सुटलो.

काल अकरावं आलं.

"तांताचा मायक्रोबसवाला देऊन गेला," काका म्हणाला. "नाव सांगितलं नाही." निळ्या काठाचं भांडं, काठाला एके ठिकाणी टवका. तुझ्या आईच्या घरचं, तू सात वर्षांची असताना पाडलेलं. आत द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, जिरं न घातलेल्या. जिरं मला चालत नाही हे जगात फक्त तुला माहीत आहे.

अजान झाली तरी मी ते समोर घेऊन नुसता बसून होतो. मग खाल्लं. सगळं खाल्लं.

सुहेर, ते आवाहन मी लिहिलं. फोटो मीच काढला, फोन फ्रिजवर टेकवून. बहगतला उगाच शिव्या दिल्या. तू तुझ्या आईची सेवा करायला गेली आहेस असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि मला कुणाला तरी खरं सांगायचं होतं. पण हसवल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही.

तुलाही तेच केलं. जानेवारीत तुला छातीत गाठ जाणवली, तू ओट्याशी उभी राहून म्हणालीस, "रिफअत, मला भीती वाटतेय." आणि मी म्हणालो, डॉक्टर देखणा आहे वाटतं. दुसऱ्या दिवशी तू एकटी गेलीस. मी कहवाखान्यात बसून तोच विनोद मित्रांना पुन्हा सांगितला. गाठ साधी निघाली हे मला तुझ्या भावाकडून कळलं. तोवर तू बॅग भरली होतीस. जाताना म्हणालीस, "हसवल्याशिवाय एक वाक्य बोलून दाखव, मग बघू."

मलाही भीती वाटत होती. तुझ्यापेक्षा जास्त. तुझ्यासोबत आलो असतो आणि डॉक्टर काही वाईट बोलला असता, तर तिथे मला काही सुचलं नसतं, म्हणून आलो नाही. माझं चुकलं. घरात तू नाहीस आणि मला ते सहन होत नाही.

मायक्रोबसवाल्याकडे खीर देतोय, त्यासोबत हे पत्र. तळाला थोडी लागली आहे, वरवरची खा. तुझ्या आईचं भांडं मात्र मी ठेवून घेतलंय. खीर आपल्या तांबड्या झाकणाच्या पातेल्यातून पाठवली आहे. म्हणजे आता आपल्या घरचं भांडं तुझ्याकडे आहे.

ते कुणाच्या हाती पाठवू नकोस. तू घेऊन ये. रिकामं आणलंस तरी चालेल.

यात गंमत काही नाही.

तुझा,
रिफअत