प्लॅटफॉर्मवरचा नारळ

बाबा, आपलं स्टेशन पाडतायत. नोव्हाय गावाच्या पुढचं ते लाल विटांचं, खिडक्यांना फळ्या ठोकलेलं. तू पहिली गाडी घेतलीस तेव्हा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये नारळ फोडला तर मॅनेजर ओरडेल म्हणून आपण तिथे गेलो होतो. मी केजीत होते. चाकांखाली लिंबं. आई बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढायला लागते, तर तू म्हणतोस, "अगं, इथे लोक भलतंच समजतील, ओम काढ." मग प्लॅटफॉर्मच्या दगडी कडेवर नारळ आपटतोयस आणि तो फुटतच नाही. आई हसतेय, "इंजिनियर ना रे तू?" नंतर तू सांगितलंस, इथून माणसं ट्रेनने डेट्रॉइटला कारखान्यात जायची, गाड्या बनवायला. मग प्रत्येकाने त्यातलीच एकेक गाडी घेतली आणि ट्रेनमध्ये बसायला कोणी उरलंच नाही. "आता आपणही घेतली," म्हणालास, आणि प्लॅटफॉर्मला हात लावून कपाळाला लावलास. पुढच्या हिवाळ्यात तू गेलास.

काल टाउन हॉलमध्ये स्टेशनची मीटिंग होती. म्हातारी माणसं एकेक करून माइकवर येत होती. एकाचे वडील इथूनच लढाईवर गेले. एकीची आजी इथे उतरली ती काखेत जिवंत कोंबडी घेऊन, सगळे हसले. आई मला कोपराने ढोसतेय, "जा की! घरी तर स्टेशन स्टेशन करून डोकं खातेस." ह्यासाठीच तर शाळा सोडली ना मी, क्लाससमोर उभं राहायचं म्हटलं की उलटी यायची. आता शेजारच्या काकूंकडे टिफिनच्या पोळ्या लाटते. पोळ्या काही विचारत नाहीत. माइकवाली बाई म्हणाली, "एनीबडी एल्स?" मी बुटांकडे बघत बसले. मग हात वर झाले आणि पाडायचं ठरलं. तिथे पार्किंग होणारे.

गाडीत आई म्हणाली, "तू बोलली असतीस तरी पाडलंच असतं गं."

"मग तू का नाही बोललीस?"

तिने नुसते वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

हे फोनवर टाइप करतेय. तुझा नंबर आता दुसऱ्याच कुणाचा तरी आहे, त्यामुळे सेंड करायचा प्रश्नच नाही. पण खरं सांगू? तो बॉनेटवरचा ओम, तुझं ते कपाळाला हात लावणं, सगळं मला आईने सांगितलंय. माझं स्वतःचं एवढंच आहे, की नारळ फुटला, पाणी माझ्या तोंडावर उडालं, आणि कोणीतरी बाहीने पुसलं. तो तू होतास असं मी धरून चाललेय.