न पटणारी बाजू

३ जून, मंगळवार

केला एकदाचा अर्ज! दोन मोठ्या लॉ कॉलेजांना. मिळालं तर दुसऱ्या वर्षाला थेट तिकडे. "सध्याचे महाविद्यालय का सोडू इच्छिता?" या रकान्यापाशी अर्धा दिवस गेला. शेवटी लिहिलं, ग्रंथालय लहान आहे. खोटं नाही. चार टेबलं, आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसायला हरकतताईची परवानगी लागते.

हरकतताई माझी मूट कोर्टातली, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांतली, जोडीदार. चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई. दिवसा छापखान्यात प्रुफं तपासते, संध्याकाळी आमच्या बाकावर बसून कायदा शिकते. पहिल्याच तासाला सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उभी राहिली — "हरकत आहे!" कशाला, तर पंख्याच्या कुरकुरीला! नाव तेव्हापासून चिकटलं.

तिला अजून सांगितलेलं नाही.

५ जून

बाबांनी माळ्यावरची मोठी बॅग काढून उन्हात ठेवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! आई म्हणाली, "अहो, आधी निकाल तर येऊ द्या." तर म्हणे, "वास जायला वेळ लागतो."

९ जून, सोमवार

सांगितलं. रिकाम्या वर्गात, ती चष्मा पुसत असताना. पुसतच राहिली. मग म्हणाली, "बरं केलंस. होऊन जाऊ दे?"

हा आमचा रिवाज. मूटचे म्हातारे सर लावून गेले. "पटणारी बाजू कोणीही मांडेल. न पटणारी मांडा, मग कळेल किती पाण्यात आहात." ते निवृत्त झाले, पण आम्हा दोघींना खोड लागली ती लागलीच. तिच्या मुलीला सायकल घ्यावी की नाही, माझे केस कापावेत की नाही — सगळ्यावर खटला, आणि जिने तिने आपल्याला न पटणारीच बाजू घ्यायची.

मला जायचंच होतं, म्हणून मी झटकन "राहावं" ही बाजू पकडली. तिने "जावं" घेतली. आणि काय बोलली! "इथे आहे काय, न्यायमूर्ती महोदय? एक पंखा, आणि एक म्हातारी होत चाललेली जोडीदार! या मुलीचे पाय आम्ही बांधून ठेवायचे?" मी सपशेल हरले. हरून इतकी खूश झाले की नाचतच घरी आले.

१४ जून

एका कॉलेजचा नकार. तीन ओळी, त्यात माझं नावसुद्धा चुकलेलं.

२१ जून, शनिवार

सुट्टी असूनही कॉलेजात गेले. शिपाईमामांनी कुरकुरत मूटचा हॉल उघडून दिला. न्यायाधीशांची ती खुर्ची अजून लंगडी, पायाखाली जाडजूड जुनं पुस्तक. किती बसलो आम्ही इथे! अजून गेलेही नाही आणि आठवणी काढतेय — वेडीच आहे मी.

पहिली मूट आठवली. उभी राहिले आणि डोक्यात अंधार. एक शब्द सुचेना. समोर तीन परीक्षक, मागे अख्खा वर्ग. आणि ताईने पाण्याचा भरला ग्लास सरळ टेबलावर लवंडला! एकच धांदल. परीक्षक कागद उचलताहेत, शिपाईमामा फडकं घेऊन धावताहेत, आणि ही शांतपणे मला चिमटा काढून कानात, "दुसरा मुद्दा. भाडेकरूची नोटीस. बोल." बोलले. हरलोच तरी. पण परतताना रस्ताभर हसत होतो, तिच्या ओल्या बाहीसकट. तितकी सुखी मी नंतर जिंकूनही झाले नाही.

मोठ्या कॉलेजात टेबलं चांगली असतील. पाणी कोण सांडेल?

२६ जून

भांडी घासता घासता हात थांबला. त्या दिवशी ताईने "जावं" ही बाजू घेतली होती. न पटणारी. नियम तिने कधी मोडलेला नाही, सायकलीच्या वेळीसुद्धा नाही.

आणि मी हरल्याच्या आनंदात नाचत आले! खूप रडू आलं. आईला सांगितलं, साबण गेला डोळ्यात.

३० जून

जीव टांगणीला. बाबाही आता काही विचारत नाहीत, नुसती बॅगेची चेन उघडतात नि लावतात.

२ जुलै, बुधवार

मिळाली!! मोठ्या कॉलेजात जागा मिळाली! बाबांनी दोनदा वाचायला लावलं, तिसऱ्यांदा स्वतः मोठ्याने वाचलं. आई बॅगेत टॉवेल ठेवायला लागली. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा.

मला आनंद झाला. खरंच झाला. इतके दिवस हेच तर मागत होते. मग दुपारभर खिडकीत का बसून राहिले?

३ जुलै

छापखान्यात गेले. ताईने मोबाइलवरचं पत्र प्रूफ वाचावं तसं वाचलं, ओळीओळीखाली बोट फिरवत. "चूक नाही एकही," म्हणाली. मग चष्मा काढला. "होऊन जाऊ दे? कोणती बाजू घेतेस?"

मी म्हणाले, "जावं."

तिने चष्मा परत चढवला. मग छापखाना दणाणेल एवढ्या मोठ्याने —

"हरकत आहे! ती बाजू माझी आहे!"