कलम सहा, खोडलेले

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, धंद्याने सॉफ्टवेअर लिहिणारा, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, दबावाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर आपल्या मर्जीने लिहीत आहे. माझे हृदय बिघडले आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुरुवारी सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव बरे होऊन घरी जातात. मी आयुष्यभर उरलेल्या तिघांचा विचार करण्याचा पगार घेतला, त्यामुळे त्या आकड्याने मला धीर आला नाही.

हे मृत्युपत्र सोमवारी सुरू केले आणि आज, बुधवारी, पुरे करत आहे. मधल्या दिवसात जे घडले त्यामुळे त्यात खाडाखोड झाली. वकीलबाईंनी सगळे नव्याने स्वच्छ लिहायला सांगितले. मी नकार दिला. आमच्या धंद्यात जुनी आवृत्ती जाळून टाकत नाहीत. काय बदलले आणि का बदलले, ते मागून येणाऱ्याला दिसले पाहिजे. खोडलेल्या प्रत्येक जागी माझी सही आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या पश्चात संपूर्णपणे पत्नीचे. खरे तर ते आधीपासून तिचेच आहे. ज्या चार वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या आणि तिन्ही बुडाल्या, त्या चार वर्षांत घर तिच्या शाळेतल्या पगारावर उभे राहिले. त्या तिन्ही कंपन्यांवर 'उद्याचे जग' अशा मथळ्याचे लेख आले होते. उद्या उजाडला, कंपन्या तेवढ्या नव्हत्या.

कलम दोन. बँकेत जे असेल ते पत्नी आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यावर भांडण होणार नाही. झालेच तर मुलीने ऐकावे.

कलम तीन. स्क्रूड्रायव्हरांचा डबा, मल्टिमीटर आणि भिंगाचा दिवा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला द्यावा. दर वर्षी कंपन्या नवा फोन आणतात, आदल्या वर्षीपेक्षा नखभर पातळ आणि आतून गोंदाने असा चिकटवलेला की माणसाने उघडूच नये. त्याच दिवशी पर्यावरणाच्या काळजीचे पत्रकही काढतात. हा माणूस टपरीत बसून ते फोन उघडतो. पर्यावरणाचे काम तोच करतो.

कलम चार. प्रिंटर माझ्या मेहुण्यांना. गेली वीस वर्षे ते घरी आले की चहाच्या आधी म्हणतात, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, मग आमचा प्रिंटर का चालत नाही?" आता माझाही घेऊन जावा. दोन्ही चालत नाहीत.

कलम पाच. माझी पुस्तके आणि कीबोर्ड मुलीला, कारण तीही याच धंद्यात पडली. बाळ, मी धंद्यात आल्यापासून दर वर्षी बातमी येते की प्रोग्रामर आता नामशेष होणार. पूर्वी ती बातमी माणसे लिहीत, आता तीसुद्धा यंत्र लिहिते, एवढीच काय ती प्रगती. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम वाईट नसतो. पण तो चुकला की चौकशीच्या खोलीत खुर्चीवर कोणाला बसवतात, ते बघत जा. त्या खुर्चीबद्दल पुढे लिहिले आहे. ते तू माझ्या तोंडून ऐकायला हवे होतेस.

कलम सहा. ~~माझ्या कपाटातील निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या मृत्यूनंतर, आणि मृत्यूनंतरच, त्या परिचारिकेच्या हाती द्यावी, जिला अकरा वर्षांपूर्वी कामावरून काढले.~~ हे कलम मंगळवारी रद्द केले. कारण खालीलप्रमाणे.

माझी शेवटची कंपनी रुग्णालयांसाठी औषधाचे पंप बनवी. सलाईनच्या स्टँडला लावायचा, वहीएवढा पंप. परिचारिकेने आकडा टाकायचा, पंपाने तासाला तितकेच औषध शिरेत सोडायचे. आकडा वाचून मोटर फिरवणारा प्रोग्राम माझा. बाजारात जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला त्यात एक चूक सापडली. 'सुरू' दाबल्यावर पंप सव्वा सेकंद स्वतःची तपासणी करी. नेमके तेवढ्यात कोणी आकडा दुरुस्त केला, तर पडद्यावर नवा आकडा दिसे आणि मोटर मात्र जुन्याच आकड्याने फिरे. मी ते तारखेसह वहीत लिहिले आणि साहेबांकडे गेलो. आम्ही त्यांना तारीखपंत म्हणत असू, कारण त्यांना चूक सांगितली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

"सव्वा सेकंदात?" ते म्हणाले. "इतकी झरझर बोटं कोणाची चालतात?"

चांगल्या परिचारिकेची, असे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "तेही खरंच."

पाच महिन्यांनी एका वॉर्डात एक निवृत्त बसचालक दगावला. त्याला ताशी पाच मिलिलिटर औषध द्यायचे होते, गेले पन्नास. परिचारिकेने चुकून पन्नास टाकले होते, 'सुरू' दाबताक्षणी तिच्या ध्यानात आले आणि तिने शून्य खोडून पाच केले. पंपाच्या नोंदीत मात्र फक्त पन्नास उमटले. चौकशीत ती माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मला पाच दिसलं होतं."

अध्यक्षांनी मला विचारले, "पंपाच्या नोंदीत पन्नास आहे. ही नोंद बरोबर आहे का?"

"नोंद बरोबर आहे," मी म्हणालो.

मोटर पन्नासनेच फिरली होती, तेव्हा शब्दशः मी खोटे बोललो नाही. इतके सफाईदार वाक्य मी आयुष्यात दुसरे लिहिलेले नाही. तिचा परवाना गेला. पुढच्या आवृत्तीत मी दोन ओळी बदलून चूक काढली आणि रुग्णालयांना गेलेल्या पत्रकात तारीखपंतांनी त्या चुकीला दोन शब्द दिले: किरकोळ सुधारणा. आजही फोनवर 'किरकोळ सुधारणा केल्या आहेत' अशी सूचना आली की लोक न वाचता पुढे जातात. मी मात्र ती अख्खी वाचतो.

सोमवारी तपासण्यांसाठी मला वॉर्डात बसवले होते. शेजारच्या खाटेवरची बाई बहिणीशी फोनवर हसत बोलत होती. तिच्या हाताला आमचा पंप होता. मी वाकून पडद्याचा खालचा कोपरा वाचला. आवृत्ती जुनी होती. साहजिकच आहे, किरकोळ सुधारणेसाठी चालता पंप कोण बंद करून पाठवील? अकरा वर्षे मी समजत होतो की निदान चूक तरी मेली. ती जिवंत होती आणि त्या बाईच्या दंडाशी टिकटिकत होती.

मी काय केले? उठलो, चप्पल घातली, घरी आलो आणि वर खोडलेले कलम लिहिले.

मंगळवारी सकाळी पत्नीने ते वाचले. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. मग मी सगळे सांगितले. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मृत्यूनंतर," ती म्हणाली. "आणि तुम्ही वाचलात तर? मग तिनं अजून थांबायचं?"

"कंपनीबरोबर गुप्ततेचा करार आहे. मी जिवंतपणी बोललो तर..."

"तर काय? सत्त्याण्णव टक्के तुम्ही परवा बरे होणार आहात. म्हणजे सत्त्याण्णव टक्के ती बाई दोषीच राहणार. गणित मी शिकवलंय, मला नका शिकवू."

तिने वही माझ्या हातात दिली आणि रिक्षा बोलावली.

परिचारिका आता चष्म्याच्या दुकानात काम करते. हा पत्ता मला अकरा वर्षे ठाऊक होता, हेही इथे नोंदवतो. ती एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या कानामागची काडी वाकवत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबलो. मग मी कोण ते सांगितले आणि वही काउंटरवर उघडून ठेवली. तिने ते पान दोनदा वाचले, तारखेवर बोट ठेवले.

"ही तारीख त्या दिवसाच्या आधीची आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे पाचच दिसत होतं."

"पाचच दिसत होतं. तुमची नजर चुकली नव्हती."

ती स्टुलावर बसली. "अकरा वर्षं मी स्वतःला समजावतेय, की तुला पन्नास दिसलं असणार, तूच खोटं आठवतेस. माझ्या आईनंसुद्धा तेच समजावलं मला. जाताना समजावत गेली."

मी माफी मागायला तोंड उघडले. तिने हात वर केला.

"ते नंतर. असे पंप अजून कुठे आहेत?"

मी सोमवारचे सांगितले. ती ताडकन उभी राहिली. "काल बघितलंत? आणि आज इथे उभे आहात? चला."

रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेने आमचे ऐकून घेतले, पण घड्याळ बघत बघत. शेवटी तिने भांडारातून एक मोकळा पंप आणला, औषधाच्या जागी पाण्याची पिशवी लावली आणि नळीचे टोक मापाच्या ग्लासात सोडले. "दाखवा," ती म्हणाली.

मी पन्नास टाकले, 'सुरू' दाबले, शून्य खोडले. पडद्यावर पाच, आणि पाणीही पाचच्याच बेताने, अर्ध्या मिनिटाहून उशिरा एक थेंब. पुन्हा केले. पुन्हा तेच. माझी बोटे त्या सव्वा सेकंदात पोचत नव्हती. तिसऱ्यांदा करताना छातीत कळ आली.

"आजोबा, परवा तुमचं ऑपरेशन आहे," मुख्य परिचारिका समजुतीच्या सुरात म्हणाली. "माणूस घाबरतो. त्यात काही..."

"सरका," चष्म्याच्या दुकानातली म्हणाली.

तिने अकरा वर्षांत पंपाला हात लावला नव्हता. बाही वर केली, पंपाची उंची बघून स्टँड दोन बोटे खाली घेतला. मग बोटे चालली. ती चालली हे मला दिसले, कशी चालली ते दिसले नाही. पडद्यावर पाच. ग्लासात मात्र दर चार सेकंदांना थेंब पडू लागला.

मुख्य परिचारिकेने वाकून पडदा वाचला, ग्लास पाहिला, पुन्हा पडदा वाचला. मग वळून वॉर्डाकडे अक्षरशः पळत गेली. अर्ध्या तासात त्या मजल्यावरचे सगळे जुने पंप निघाले. शेजारच्या खाटेवरची बाई सुखरूप आहे. ती मला विचारत होती, "काय हो, लाइट गेले का?"

त्याच संध्याकाळी वहीच्या प्रती उपकरणांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, परवाना मंडळाकडे आणि एका वार्ताहराकडे गेल्या. आज सकाळी कंपनीच्या वकिलांचा फोन आला. करारातली कलमे त्यांनी वाचून दाखवली. मी म्हणालो, मीही सध्या कलमेच लिहितो आहे, तुमचे नाव कोणत्यात घालू? ही बढाई होती. फोन ठेवल्यावर मला पाणी प्यावे लागले.

कलम सात. त्या बसचालकाच्या मुलीला मी काल फोन केला. मी कोण आणि काय केले ते सांगितले. ती म्हणाली, "उद्या बोलते," आणि फोन बंद केला. हे लिहीपर्यंत तिचा फोन आलेला नाही. तो येण्याआधी माझे काही झाले, तर पत्नीने या कागदासोबत ठेवलेले माझे पत्र घेऊन स्वतः तिच्या दारी जावे. तिने दार लावून घेतले तर वाईट वाटून घेऊ नये, आणि पत्र फटीतून सरकवूही नये.

कलम आठ. तारीखपंतांना माझ्याकडून काही नाही. ते आता परिषदांमध्ये 'वेगाची संस्कृती' या विषयावर भाषण करतात. त्यांच्यावर सगळे ढकलायची मला सोय होती, पण "तेही खरंच" हे माझे शब्द आहेत. ते त्यांच्या नावे करता येत नाहीत.

कलम नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्यामागे माझ्यावर किंवा माझ्या मालमत्तेवर दावा झाला तर तडजोडीत वही परत देऊ नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, शुद्धीवर असताना सही करत आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले. सोमवारच्या मसुद्यात परिचारिकेला वही मिळत होती. आता तिला माझ्याकडून काही मिळत नाही, जे तिचे होते ते तिच्या हाती आहे. म्हणून मी भीत भीत विचारले आणि ती आली.

"माफ केलं असं समजू नका," दारातच ती म्हणाली. "तुम्ही शुद्धीत होतात, एवढंच मी लिहून देईन."

"तेवढंच हवं आहे."

तिने माझा अख्खा कागद वाचला, मग माझी नाडी बघितली. व्यवसायाच्या रकान्यात काय घालायचे, असे वकीलबाईंनी हळूच विचारले. परवाना अजून परत आलेला नाही. तिने पेन घेतले आणि स्वतःच भरले.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: बुधवार, ९ ऑक्टोबर

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शेजारी, व्यवसाय घड्याळदुरुस्ती. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरी: (सही) व्यवसाय परिचारिका. वेळ सकाळी ११.४०. नाडी ८८, नियमित. माणूस पूर्ण शुद्धीवर. मी स्वतः पाहिले.