दाना ओलीतल्या घराचं कर्ज

सर, तुम्ही भाड्याने राहत होता ते दाना ओलीतलं घर मी विकत घेतलं. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण वरच्या दोन खोल्यांत काकू अजून आहेत आणि भाडं तुमच्याच वेळचं देतात. खाली दोन दुकानं आहेत. म्हातारपणी दर महिन्याला हातात काहीतरी यावं म्हणून घर घेतलं, त्यात दुसरा उदात्त विचार नव्हता.

पैसा कसा उभा करायचा यात चार महिने गेले. मालक इंदूरला चालले होते, हप्त्याने घ्यायला तयार नव्हते. थाटीपुरातला आमचा फ्लॅट गहाण ठेवून रक्कम मिळत होती, पण माझ्या नवऱ्याने साफ नाही म्हटलं, राहत्या घराला हात लावायचा नाही. उरलं दाना ओलीच्या घरावरच कर्ज. आमचं माधवगंजातलं औषधांचं दुकान कागदावर दिसतं त्यापेक्षा बरंच चांगलं चालतं, आणि आजवर या हुशारीचं आम्हाला कौतुक होतं. बँकेतल्या माणसाने कागदच पाहिले. "मैडम, इतनी आमदनी पे नहीं बैठेगा. ऊपर का किराया बाज़ार के हिसाब से दिखाइए, किरायानामा लाइए, तब बात बनेगी."

तुमच्या स्वैपाकघरात मी दोन वर्षं गणित शिकले, तेही फुकट. काकू पोळ्या लाटतायत, तुम्ही पाटावर बसून माझी वही मांडीवर घेतली आहे. उत्तर बरोबर, तरी त्यावर लाल रेघ मारता. "उत्तर ठीक आहे, पण रीत कुठंय? मधल्या पायऱ्या खाल्ल्यास न?" मी रडायला लागते. काकू गरम पोळीला तूपगूळ लावून माझ्या हातात देतात आणि तुमच्यावरच डाफरतात.

त्याच स्वैपाकघरात मी किरायानामा घेऊन गेले. मालकांनी सही आधीच करून दिली होती. भाडं बाजारभावाचं, मुदत अकरा महिने, मग खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. "काकू, हे फक्त बँकेला दाखवायला. तुम्ही देता तेच देत जा," मी म्हटलं. तेव्हा ते खरंच होतं. रिकाम्या करण्याचं मात्र बोलले नाही. "अगं, तू घेते आहेस न मकान, मग मी बेफिकर," काकू म्हणाल्या आणि मला चहा टाकला.

कर्ज मिळालं. या महिनाअखेर अकरा महिने भरतात. दोन्ही दुकानांच्या भाड्यात हप्ता पुरा होत नाही, दर महिन्याला आमच्या गल्ल्यातून भर घालावी लागते. दलालाने वरच्या खोल्यांसाठी एक गोदामवाला आणला आहे. नवरा म्हणतो, काकूंची सही आहे न, मग भीती कसली. मला भीती नाही वाटत, लाज वाटते. काकू पंच्याऐंशीच्या आहेत, जायचं कुठे त्यांनी? आणि तरीही दलालाला मी अजून नाही म्हटलेलं नाही.

सहीच्या दिवशी काकूंनी कागद हातात घेऊन चष्म्यासाठी आजूबाजूला चाचपलं. तो माझ्याजवळच्या फळीवर होता, मला दिसत होता. मी पेन पुढे केलं. हे पत्र टाकायचं तर तुमचा मला एकच पत्ता ठाऊक आहे, आणि तिथे आलेलं पत्र काकू चष्मा शोधून, लावून, शेवटपर्यंत वाचतात.